डोळ्याच्या पडद्याची सूज आणि तेलाचा तवंग

पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग सर्वांनी पाहिलेला असतो. पातळ थराला स्वतःचा असा रंग नसतो, तरी त्यात जांभळ्या, हिरव्या, तांबूस छटा फिरत असतात. तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परततो, थोडा खालच्या पृष्ठभागावरून. या दुसऱ्या लहरीला किंचित जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही पुन्हा भेटतात तेव्हा उंचवट्यावर उंचवटा आला तर तो रंग उजळतो, उंचवटा खळग्यात पडला तर विझतो. हेच व्यतिकरण. बारावीला गुणांपुरते शिकून बहुतेक जण ते विसरतात. रुग्णालयाच्या नेत्रविभागात मात्र त्यावर रोज काम चालते.

व्यतिकरण प्रयोगाने दाखवणारा थॉमस यंग हा लंडनचा डॉक्टर होता. चष्म्याच्या दुकानात ज्याला सिलिंडरचा नंबर म्हणतात, तो दोष त्याने १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यात मोजला होता. दोनच वर्षांनी त्याने खिडकीच्या झडपेला बारीक छिद्र पाडून आत आलेल्या उन्हाच्या कवडशात कार्डाची एक मिलिमीटरहून अरुंद पट्टी धरली. पट्टीच्या सावलीत उजळ-काळ्या रेघा दिसल्या. एका बाजूचा प्रकाश अडवताच त्या नाहीशा झाल्या. दोन्ही बाजूंचा प्रकाश भेटल्याशिवाय रेघा उमटत नाहीत, हे त्यातून उघड झाले. न्यूटनच्या मताविरुद्ध बोलल्याबद्दल यंगवर तेव्हा बोचरी टीका झाली.

आता मधुमेहाकडे येऊ. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पडद्याच्या मध्यभागी पाणी साचले की वाचणे, चेहरे ओळखणे अवघड होते. अडचण अशी, की डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि सुरुवातीला तक्त्यावरची अक्षरेही वाचता येतात. पडद्याच्या फोटोत तो समोरून दिसतो, जाडी कळत नाही. निरोगी मध्यभाग जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो. त्यातली थोडीशी वाढ ओळखायची कशी?

सोनोग्राफीत ध्वनी परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर काढतात. प्रकाशाबाबत ते जमत नाही. पडद्याच्या दोन थरांवरून परतणाऱ्या किरणांमधला वेळेचा फरक सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षाही कमी असतो. इथे यंगची युक्ती उपयोगी पडते. एकाच प्रकाशाचे दोन भाग करून एक डोळ्यात आणि दुसरा आरशाकडे पाठवतात. हा प्रकाश असा निवडलेला असतो, की दोघांनी कापलेले अंतर काही मायक्रॉनपर्यंत सारखे असेल तरच परतल्यावर व्यतिकरण घडते. आरसा पुढे-मागे केला की पडद्याचा एकेक थर सापडत जातो. नव्या यंत्रांत आरसा हलवावाही लागत नाही. परतलेल्या प्रकाशातल्या वेगवेगळ्या लहरलांबी एकदम तपासून संगणक तेच गणित करतो. अमेरिकेतल्या एमआयटीमधील ह्युआंग, फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे तंत्र जगापुढे मांडले. तीच आजची ओसीटी.

रुग्णाला करायचे असते ते एवढेच: हनुवटी टेकवून काही क्षण एका ठिपक्याकडे पाहायचे. पडद्याचा उभा छेद समोर येतो आणि पाणी साचलेल्या जागा काळ्या पोकळ्यांसारख्या दिसतात. डोळ्यात इंजेक्शन दिल्यानंतर सूज उतरली की नाही, पुढचे कधी द्यायचे, हे ठरवताना याच चित्राचा मोठा आधार असतो. ‘दिसतंय की मला’ म्हणून पुढची तारीख चुकवणारे रुग्ण नेमके इथेच फसतात.

ओसीटी झाली म्हणजे बाहुली मोठी करण्याचे थेंब टळले, असे मात्र नाही. यंत्र प्रामुख्याने मध्यभाग पाहते. कडेचा रक्तस्राव डॉक्टरांनाच शोधावा लागतो. टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्याबरोबर आणि नंतर साधारण वर्षातून एकदा करायची असते. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसते, तेव्हा त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत येऊ नये. आणि मोतीबिंदू फार पिकला असेल किंवा डोळ्यात रक्त उतरले असेल, तर प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. मग पुन्हा सोनोग्राफीच करावी लागते.