जलाशयातील मत्स्यबीज वाया का जाते?

वर्धा जिल्ह्यात सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांपैकी सेलू तालुक्यातील बोर नदीवरचा जलाशय सर्वपरिचित आहे. त्याचे मातीचे धरण १९६५ साली पुरे झाले. सभोवतालचे वन १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करण्यात आले. अशा जलाशयांकडे व गावोगावच्या तलावांकडे शेतकरी ओलिताचे साधन म्हणून पाहतो, ढिवर व भोई बांधव उपजीविकेचे साधन म्हणून पाहतात आणि सुटीच्या दिवशी गळ टाकून बसणारा हौशी मनुष्य विरंगुळ्याचे स्थान म्हणून पाहतो. दरवर्षी बीज सोडूनही त्या मानाने मासे हाती लागत नाहीत, अशी तक्रार मात्र अनेक ठिकाणी ऐकू येते. या तक्रारीचे मूळ शोधावयाचे तर मासा पाण्यात कोठे राहतो, काय खातो व त्यास कोण खातो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

पाण्यातील तीन थर

कटला, रोहू व मृगळ हे तिन्ही मासे एकाच पाण्यात राहत असले तरी त्यांचे चरण्याचे क्षेत्र वेगळे असते. कटल्याचे तोंड वर वळलेले असून तो पृष्ठभागाजवळील सूक्ष्म प्राणी खातो. झालरदार ओठांचा रोहू मधल्या थरात शेवाळ व वनस्पतींचे अंश खातो. मृगळाचे तोंड खाली वळलेले असते व तो तळाच्या गाळातील कुजलेल्या पदार्थांवर वाढतो. म्हणून तिन्ही जातींचे बीज योग्य प्रमाणात सोडल्यास पाण्यातील सर्व नैसर्गिक अन्नाचा उपयोग होतो. एकाच जातीचे बीज भरमसाट सोडल्यास त्या थरातील अन्न अपुरे पडून मासे खुरटतात.

नवीन जलाशयात पहिली काही वर्षे मासे विपुल मिळतात. बुडालेले गवत व पालापाचोळा कुजून पाण्यास खत मिळते, हे त्याचे कारण होय. हा साठा सरल्यावर उत्पादन घटते. सबब जुन्या जलाशयात पहिल्या वर्षांच्या हिशेबाने बीज सोडणे योग्य नव्हे.

साचलेल्या पाण्यात संतती नाही

कटला, रोहू व मृगळ साचलेल्या पाण्यात वाढतात, परंतु अंडी घालण्यासाठी त्यांस पावसाळ्यातील पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून तलावात त्यांची संख्या आपोआप वाढेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. पूर्वी त्यांचे बीज मुख्यतः नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात मांसाहारी माशांची पिलेही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हीरालाल चौधरी यांना भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन करण्यात यश आले आणि शुद्ध बीज तयार करण्याचा मार्ग खुला झाला.

याउलट मरळ मासा काठच्या पाणवनस्पतींत घरटे करून पिलांची राखण करतो. १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया, जिला पुष्कळ ठिकाणी चिलापी म्हणतात, ती वर्षातून अनेकदा पिले देते व मादी ती तोंडात सांभाळते. तिची संख्या झपाट्याने वाढून अन्नासाठी स्पर्धा होते आणि मासे लहान आकाराचेच राहतात.

बीज केवढे असावे?

मरळ व मोठ्या मिशांचे खवलेहीन मांसाहारी मासे आपल्या तोंडात मावेल तेच गिळू शकतात. पंचवीस मिलिमीटरचे बीज जलाशयात सोडणे म्हणजे बव्हंशी त्यांस आयते भक्ष्य पुरविणे होय. तेच बीज ८० ते १०० मिलिमीटरची, म्हणजे सुमारे तीन ते चार इंचांची, बोटुकली झाल्यावर सोडल्यास वाचण्याचा संभव पुष्कळ वाढतो. बीज वाया जाण्याचे प्रमुख कारण येथे आहे.

हे बीज वाढविण्याचे काम शेतकऱ्यास करता येण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे शेततळे आहे, त्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये शुद्ध बीज आणून दोन-तीन महिने खाद्य देऊन वाढवावे व त्याची बोटुकली मच्छिमार सहकारी संस्थेस विकावी. तोपर्यंत जलाशयाचा सांडवा वाहण्याचे थांबलेले असते. सांडवा वाहत असताना सोडलेले मासे पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून हा काळ सर्व दृष्टींनी सोयीचा होय.

किती बोटुकली सोडावी, याचा हिशेब सोपा आहे. उदाहरणार्थ, एका हेक्टरातून १०० किलो मासे मिळावेत व प्रत्येक मासा एक किलोचा व्हावा अशी अपेक्षा असल्यास १०० मासे हाती यावे लागतील. निम्मे वाटेत नष्ट होतील असे धरल्यास २०० बोटुकली सोडाव्यात. बीज सकाळी किंवा सायंकाळी सोडावे. पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर तीत थोडे थोडे जलाशयाचे पाणी घ्यावे आणि मग पिलांस आपण होऊन बाहेर जाऊ द्यावे.

काठ, गाळपेर व उन्हाळा

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गवत उगवते, कोठे गाळपेर होते. पावसाळ्यात तीच जमीन बुडाली की तेथे पिलांस अन्न व आसरा मिळतो. परंतु गाळपेरीत किंवा काठच्या कपाशीवर फवारलेले विषही त्याच पाण्यात उतरते. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांस अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात. म्हणून पाण्यालगत फवारणी टाळावी व फवारणीचा पंप जलाशयात किंवा नाल्यात कदापि धुऊ नये.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात माशांवर दुसरे संकट येते. स्वच्छ पाणी २० अंश सेल्सियस तापमानास दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवते, तर ३० अंशांस सुमारे ७.५ मिलिग्रॅमच. पाणी कमी, मासे दाट व हवा तप्त अशा वेळी रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा व विक्रीयोग्य मासे तत्काळ काढून गर्दी कमी करावी. लहान तलावातील खोलगट डोह उपसून कोरडा करू नये, कारण पुढील हंगामाचे मासे तेथेच तग धरतात.

जाळे व गळ

जाळ्याची आस बारीक असल्यास या वर्षीची बोटुकली याच वर्षी बाजारात जाते. म्हणून मोठ्या आसाचे जाळे वापरावे व पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवावी. विष अथवा सुरुंगाच्या दारूचा वापर लहानथोर सर्व जीवांचा नाश करतो. गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांनीही लहान मासा हलक्या हाताने सोडवून ओल्या हातानेच परत पाण्यात सोडावा. पिलांची राखण करणाऱ्या मरळास धरू नये, कारण त्याच्यामागे सारी पिले अनाथ होतात. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वनविभागाचे निर्बंध पाळणे सर्वांवर बंधनकारक आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एक वही ठेवावी. बीज कोणत्या तारखेस, किती व केवढ्या आकाराचे सोडले आणि जाळ्यात कोणत्या जातीचे, किती वजनाचे मासे आले, याची तीत नोंद करावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून बीज कोठे नाहीसे होते, ते स्पष्ट दिसू लागेल आणि संस्थेचा पैसा पाण्यात सोडण्यापूर्वीच त्याचा विचार करता येईल.