जपानचा बर्फ आणि तारखांचा भाव

कापडाच्या बाजारात एका मालाला वर्षभर एकच भाव नसतो हे व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. लग्नसराईच्या तोंडावर जो ताका हातोहात जातो, तोच सराई उलटली की गोदामात धूळ खात पडतो. जपानच्या डोंगरांवर बर्फात स्कीइंगसाठी जाण्याचा व्यवहार हुबेहूब असाच आहे. डोंगर तोच, बर्फ तोच, खोलीही तीच. तारीख बदलली की भाव बदलतो. ही गोष्ट आम्ही पैसे घालवून शिकलो. हल्ली आमच्या ओळखीच्या घरांतूनही या सहलीची चौकशी होऊ लागली आहे, म्हणून आमचा हिशेब येथे मांडत आहोत.

आमचे दुकान आम्हा दोघा भावांचे. २०२३ च्या पावसाळ्यात घरच्या मुलांनी हट्ट धरला, "अब्बा, या वेळी निसेको." आम्ही एका टूरवाल्याकडे गेलो. त्याने फेब्रुवारी २०२४ चा दुसरा आठवडा सुचवला, पाच माणसांचे पावणेसात लाख सांगितले आणि सगळी रक्कम आगाऊ घेतली. आम्ही सुताच्या व्यवहारात एकेका पैशासाठी तासभर घासाघीस करणारे, पण त्या छापील कागदाची मागची बाजू वाचली नाही. जानेवारीत अम्मींना इस्पितळात ठेवावे लागले आणि जाणे रद्द झाले. मागच्या बाजूला लिहिले होते की, निघण्याच्या साठ दिवसांच्या आत रद्द केल्यास काहीही परत मिळणार नाही. धाकट्या भावाने ती रक्कम दुकानच्या खर्चात टाकायला साफ नकार दिला. त्याचे म्हणणे बरोबरच होते. पण आम्हीही ऐकेनात. वर्षभर ती नोंद वहीत 'येणे' म्हणून लटकत राहिली आणि दोन भावांत जेवणाच्या दस्तरख्वानावरही मोजकेच बोलणे उरले.

मागाहून आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की आम्ही माल घेतला तोच मुळी ऐन तेजीत. १० फेब्रुवारी २०२४ ला चिनी नववर्ष होते. त्या आठवड्यात हाँगकाँग, तैवान, सिंगापूर येथील कुटुंबे निसेकोत उतरतात आणि खोल्यांचे भाव वर्षातल्या सर्वांत वरच्या पायरीवर जातात.

आता थोडे या बाजाराविषयी. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारा थंड कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून येताना पाणी पितो आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडून ते सारे बर्फाच्या रूपाने टाकतो. उत्तरेकडील होक्काइडो बेटावरच्या निसेकोत एका हंगामात सरासरी १४ ते १५ मीटर बर्फ पडतो, आणि तो इतका भुसभुशीत की मुठीत धरला तर गोळा होत नाही. स्कीइंग ही मात्र तिथली जुनी विद्या नव्हे. १९११ च्या जानेवारीत थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने निईगाता प्रांतातील ताकादा येथे जपानी सैनिकांना ती शिकवली. १९७२ मध्ये साप्पोरोला आणि १९९८ मध्ये नागानोला हिवाळी ऑलिंपिक झाले.

मधल्या काळाची गोष्ट व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. १९८७ मध्ये जपान सरकारने विश्रामस्थळांसाठी कायदा करून सवलती दिल्या. पैसा स्वस्त होता. टोकियोजवळच्या युझावा गावात उंच इमारती उभ्या राहिल्या. १९९० मध्ये तर गाला युझावा हे स्थानक असे बांधले की बुलेट ट्रेनमधून उतरावे आणि त्याच इमारतीतून पाळण्यात बसून बर्फावर जावे. १९९० च्या दशकात तेथे हा खेळ खेळणारे सुमारे १ कोटी ८० लाख लोक होते. मग फुगा फुटला. २०२० पर्यंत ही संख्या जेमतेम पावपट उरली. युझावातले जे फ्लॅट लोकांनी कर्ज काढून घेतले होते, त्यांतले काही पुढे लाखभर येनालाही, म्हणजे चांगल्या शेरवानीच्या किमतीत, विकायला निघाले. साठा करून बसलेल्या व्यापाऱ्याचे काय होते ते आम्ही आमच्या बाजारात पुष्कळ पाहिले आहे; तिथे अख्ख्या गावाचे तसे झाले.

निसेको मात्र सावरले ते परक्या गिऱ्हाइकावर. २००० नंतर ऑस्ट्रेलियन लोक येऊ लागले, मागोमाग हाँगकाँग-सिंगापूरचे भांडवल आले. जवळच्या कुच्चान गावातील जमिनीचे भाव सलग काही वर्षे देशात सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांत मोजले गेले. नोव्हेंबर २०१९ पासून त्या गावाने खोलीभाड्यावर दोन टक्के कर सुरू केला. लिफ्टचा एका दिवसाचा पास २०२४-२५ च्या हंगामात १०,५०० येनांवर गेला होता. शंभर येनाचे पंचावन्न ते साठ रुपये धरा आणि पाच माणसांचा आठवड्याचा गुणाकार स्वतः करा.

म्हणून नवशिक्याने निसेकोलाच जावे असे आम्हाला वाटत नाही. निसेकोचा नावलौकिक आहे तो खोल, ताज्या बर्फाचा आणि त्याची खरी लज्जत ज्याला स्की येते त्यालाच. पहिले चार दिवस पडण्यात जाणार असतील तर तो बर्फ दुप्पट पैसे देऊन कशाला घ्यायचा? तिथे इंग्रजी सर्वत्र चालते आणि शिकवणारे भरपूर, एवढी सोय मात्र मान्य केली पाहिजे. ज्यांना मुलांना एक दिवस बर्फ दाखवायचा आहे, त्यांनी टोकियोतच मुक्काम करून गाला युझावाला जाऊन यावे. गाडीला सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि कपड्यांपासून सारे काही स्थानकातच भाड्याने मिळते. आठवडाभर शिकायचे असेल तर नागानो प्रांत पाहावा. हाकुबाच्या खोऱ्यात दहा स्की-मैदाने आहेत, १९९८ ची उताराची शर्यत तिथल्या हाप्पो-ओने येथेच झाली, आणि इंग्रजीतून शिकवणारेही मिळतात. शिगा कोगेन सर्वांत विस्तीर्ण. नोझावा ओन्सेन हे जुने गाव आहे. अरुंद चढाच्या गल्ल्या, गरम पाण्याचे झरे आणि वर १६५० मीटरचा केनाशी डोंगर. आणि खर्च हलका ठेवायचा असेल तर आधी आपल्या गुलमर्गलाच सरकारी संस्थेत प्राथमिक धडे घ्यावेत, जपान पळून जात नाही.

तारखांचा हिशेब असा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बर्फाची खात्री नसते. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी जपानी लोकांची सुट्टी. तेव्हा जाऊ नये. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारला जोडून आणखी एक सुट्टी येते. ११ आणि २३ फेब्रुवारीलाही सुट्टी असते. चिनी नववर्ष दरवर्षी सरकते, त्याची तारीख आधी पाहावी. राहता राहिला जानेवारीचा मधला तुकडा आणि मार्चचा पहिला पंधरवडा. बर्फ आणि भाव दोन्ही पटतील असा काळ हाच. आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट आहे. रमजान आता हिवाळ्यात येत आहे. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. रोजे धरून दिवसभर डोंगरावर कसरत करणे कोणाला जमेल ते ज्याचे त्याने ठरवावे; पण तारखा न पाहता पैसे भरू नयेत.

पैसे भरताना पहिला प्रश्न खोली रद्द केल्यास काय, हा विचारावा. तेजीच्या आठवड्यात पुष्कळ हॉटेले महिना-दोन महिने आधीपासून पूर्ण रक्कम अडकवतात. मंदीच्या आठवड्यात तीच हॉटेले अटी सैल ठेवतात. अट लेखी घ्यावी आणि रद्द करण्याच्या शेवटच्या दिवसाची तारीख दुकानच्या दिनदर्शिकेवर, हुंडीची तारीख लिहितो तशी, लिहावी. येथील टूरवाल्याकडून पूर्ण पॅकेज घेतल्यास ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस कापला जातो. दर अंदाजपत्रकागणिक बदलत आले आहेत, तेव्हा आपल्या हिशेबनीसाला विचारावे. ही रक्कम आयकरात वळती होते, मात्र ती काही महिने अडकून राहते हे धरून चालावे. रेल्वेचा पास घेण्याची सवय असलेल्यांनीही पुन्हा हिशेब करावा. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० वर गेला. टोकियो ते नागानो एकेरी भाडे सुमारे आठ हजार येन. तेवढ्याच प्रवासाला पास परवडत नाही.

व्हिसा आधी काढावा लागतो. एप्रिल २०२४ पासून भारतीय पर्यटकांना तो ई-व्हिसाच्या रूपात मिळू लागला. सामानाची एक सोय आम्हाला फार आवडली. तिथे ताक्युबिन म्हणून घरपोच सामान पोहोचवण्याची सेवा आहे. विमानतळावर बॅग द्यावी, बहुधा दुसऱ्या दिवशी ती डोंगरावरच्या हॉटेलात हजर. आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना हे दाखवावे असे फार वाटले.

कपड्यांविषयी आता धंद्याचे बोलतो, आणि थोडे धंद्याविरुद्धही. उभा जन्म आम्ही सुती कापड विकले. तरीही सांगतो, बर्फावर सुती कपडा अंगावर नको. सूत घाम पिते, ओले राहते आणि थंडीत अंगाची ऊब शोषून घेते. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा घट्ट थर, त्यावर उबदार थर, सर्वांत वर पाणी अडवणारा कोट. या कोटांवर मिलिमीटरचा आकडा असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तरी ते झिरपत नाही, त्याचे ते माप. दहा हजारांचा आकडा नवशिक्याला पुरतो. बाहेरचे पाणी अडवून आतली वाफ सोडणारे कापड ही विणकरांची करामत आहे. जपानची गोल्डविन ही कंपनी १९५० मध्ये तोयामा प्रांतात साधा विणमालाचा कारखाना म्हणून निघाली आणि पुढे स्कीच्या कपड्यांत नाव कमावून बसली. एका सहलीसाठी असा कोट विकत घेणे मात्र फिजूलखर्ची. कोट, विजार, बूट, स्की, हेल्मेट भाड्याने घ्यावे. हातमोजे आणि गॉगल तेवढे स्वतःचे असावेत.

जेवणाचा प्रश्न खरा अवघड आहे. नुसते डुकराचे मांस टाळून भागत नाही. रसात, सॉसमध्ये, साध्या भाजीतही मिरिन ही गोड दारू किंवा प्राण्याची चरबी असू शकते, आणि शाकाहारी दिसणाऱ्या सूपचा आधार बहुधा माशाचा असतो. घरून कबाब बांधून नेण्याचा विचार करू नये. मांसाचे पदार्थ जपानच्या विमानतळावर काढून घेतात. आम्ही टोकियोच्या शिन-ओकुबो भागातील हलाल दुकानांतून जिन्नस घेतले आणि डोंगरावर स्वयंपाकघर असलेली जागा घेतली. बेगमच्या हातची खिचडी बाहेर बर्फ पडत असताना जशी लागली, तशी घरी कधी लागली नव्हती. गरम पाण्याच्या सार्वजनिक हमामांत स्त्री-पुरुष वेगळे असले तरी विवस्त्र उतरावे लागते. ज्यांना ते पटत नाही त्यांनी तासावर मिळणारा खाजगी हमाम विचारावा.

एक गोष्ट पोरांना दटावून सांगावी. दोरी लावलेल्या हद्दीपलीकडे जायचे नाही. झाडांच्या बुंध्याभोवती बर्फात पोकळी असते, त्यात उलटा पडलेला माणूस गुदमरतो. हिमकडेही कोसळतात, निसेकोत त्यासाठी हद्दीवर दरवाजे ठेवले असून धोका असला की ते बंद करतात. साधा प्रवास-विमा पुष्कळदा स्कीइंगला लागू नसतो आणि हद्दीबाहेरच्या अपघाताला तर नसतोच. पॉलिसीत स्कीइंग हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही अखेर गेलो, दोन्ही भावांची कुटुंबे मिळून. नोझावाला १५ जानेवारीच्या रात्री अग्नीचा मोठा उत्सव असतो, तेव्हा खोली मिळत नाही. आम्ही १७ ला पोहोचलो आणि २३ ला निघालो. २९ जानेवारीला चिनी नववर्ष होते, त्याच्या आधीच बाहेर. माणसे सात, तरी खर्च मागच्या बुडालेल्या रकमेपेक्षा फार वर गेला नाही. पोरे तिसऱ्या दिवशी पडायची थांबली. आम्ही दोघे भाऊ गावातल्या सरकत्या पट्ट्यावर उभे राहून वर जायचो, त्यांना पाहायचो आणि पाय गारठले की परतायचो.

परत आल्यावर ती 'येणे' नोंद आम्ही आमच्या खाजगी खात्यात वळवून घेतली. धाकट्याने वही पाहिली, काही बोलला नाही. ईदनंतर मुलांनी पुन्हा होक्काइडोचा विषय काढला तेव्हा त्यानेच त्यांना विचारले, "तारखा कोणत्या, आणि रद्द केले तर किती परत?"