दोन काळांतील मल्ल

आमच्या अकोल्याच्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात. तेव्हां वादाला विषय शोधावा लागत नाहीं. तथापि गेल्या वर्षीं आषाढांत जो वाद निघाला तो दिवाळीपर्यंत मिटेना. तसा वाद इतर कुटुंबांतही निघत असेल, असें वाटल्यावरून त्याची हकीगत येथें देत आहों.

आमचे ज्येष्ठ बंधु पंचाहत्तरी ओलांडलेले. घरांत लहानथोर सर्व त्यांना दादा म्हणतात. विद्यार्थिदशेंत ते अमरावतीस होते, आणि तेथील श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यांत त्यांची संध्याकाळ जात असे. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेली ही संस्था. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं तिच्या पथकानें तेथें जाऊन आपले देशी खेळ दाखविले, ही गोष्ट दादा अशा थाटानें सांगतात कीं, ते स्वतः त्या पथकांत होते असें नव्या पाहुण्यास वाटावें. वस्तुतः त्या सालीं त्यांचा जन्मही झालेला नव्हता!

आमचा नातू सतरा वर्षांचा. तो मुष्टियुद्ध शिकतो. त्यानें कोणत्याही आधुनिक योद्ध्याची स्तुति केली कीं दादांचा एकच प्रश्न ठरलेला : "गामापुढें हा किती पळें टिकला असता?" मुलगा प्रथम हसत असे. पुढें एका स्पर्धेंत त्याला पदक मिळालें, तें त्यानें देवापुढें ठेवून मग दादांच्या हातीं दिलें. दादांनीं तें तळहातावर तोलून पाहिलें आणि म्हणाले, "ठीक आहे. पण आमच्या वेळचा एखादा गडी समोर असता तर?" आम्हीही त्या वेळीं हसून मान डोलावली, हें कबूल केलें पाहिजे. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्याचे हातमोजे खुंटीलाच राहिले. विचारलें तर म्हणे, "मेलेल्या माणसाला हरवायचें कसें, तें कोणी शिकवीत नाहीं, आजोबा."

हें उत्तर आमच्या मनाला लागलें, आणि चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसानें जें करावें तेंच आम्हीं केलें, वाचूं लागलों.

असें आढळलें कीं, दादांचा प्रश्न अमेरिकेंत कोणी एकानें यंत्राला घातला होता. १९६७ सालीं मरे वोरोनर नामक गृहस्थानें जुन्या-नव्या सोळा मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकांत भरून त्यांच्या काल्पनिक झुंजी नभोवाणीवर ऐकविल्या. त्यांत मुहम्मद अली हा जेफ्रीज या जुन्या वीराकडून हरला असें निघालें, तेव्हां जिवंत अलीनें बेअब्रूची फिर्याद ठोकली! पुढें १९६९ सालीं अली आणि रॉकी मार्सियानो यांना प्रत्यक्ष रिंगणांत उभें करून लुटुपुटीची झुंज चित्रित केली. मार्सियानो हा एकूणपन्नास लढतींत एकदांही न हरतां १९५६ सालीं निवृत्त झालेला, वय पंचेचाळीस. अली सत्तावीस वर्षांचा. शेवट अनेक घेऊन ठेवले होते आणि खरा कोणता तें दोघांनाही सांगितलें नव्हतें. तें कळण्यापूर्वींच ऑगस्ट १९६९ मध्यें मार्सियानो विमान-अपघातांत गेला. २० जानेवारी १९७० रोजीं चित्रपट दाखविला गेला. तेराव्या फेरींत अली आडवा झालेला लोकांनीं पाहिला. आमच्या मतें या निकालाची किंमत शून्य. कणगींत ज्वारी भरली तर खालून गहूं निघत नाहींत. यंत्रांत जें भरलें तेंच बाहेर आलें, आणि भरणारा माणूसच होता.

खरोखरीची अशी झुंजही एक झाली आहे. वर उल्लेखिलेला जेफ्रीज १९०५ सालीं अजिंक्य असतां निवृत्त झाला होता. कृष्णवर्णीय जॅक जॉन्सन विजेता झालेला गोऱ्या लोकांना पाहवेना, म्हणून त्यांनीं ४ जुलै १९१० रोजीं या पस्तीस वर्षांच्या माणसाला पुन्हां उभें केलें. पंधराव्या फेरींत तो संपला. पण हरला तो १९०५ चा जेफ्रीज नव्हे. तो कोणालाच परत आणतां आला नाहीं.

आतां गामा. दादांना गामाचें चरित्र तोंडपाठ आहे, म्हणून आम्हीं त्यांच्याच शस्त्रागारांतून शस्त्र घेतलें. १९१० च्या सप्टेंबरांत लंडनमध्यें गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती अडीच तासांवर चालली. झिबिस्को पोटावर पालथा पडून राहिला आणि गामाला तो चीत करतां आला नाहीं. पुढें १९२८ सालीं पतियाळ्यास तेच दोघे पुन्हां भिडले. गामानें एक मिनिट भरण्यापूर्वींच त्याला आकाश दाखविलें.

"दादा," आम्ही म्हणालों, "तेच दोन पुरुष. एकदां अडीच तास, एकदां मिनिटाच्या आंत. यांतला खरा गामा कोणता?"

दादा उसळून म्हणाले, "अरे, लंडनला गादी होती! पतियाळ्याला माती होती!"

"मग माती आणि गादी एवढा फरक पाडतात, हें तुम्हीच म्हणतां."

दादा गप्प झाले. पण मानणाऱ्यांतले ते नव्हेत. तेव्हां आम्हीं खाशाबा जाधवांचें उदाहरण काढलें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातींत तयार झालेला. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवर उतरला तेव्हां सहावा आला. चार वर्षांनीं हेलसिंकीस कांस्यपदक घेऊन आला. नियम अंगवळणी पडावयास त्यालाही मेहनत करावी लागली. आज गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत गुणांवर संपते. तेथें गामाला आणावें, कीं आजच्या मुलाला चीत होईपर्यंत मातींत ठेवावें? ज्याचे नियम त्याचाच जय होण्याचा संभव अधिक.

यावर दादांनीं प्रत्युत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मात्र कपाटांतून महाभारताचें वनपर्व काढून चष्मा पुशीत बसलेले दिसले. कांहीं वेळानें आम्हांस हांक मारली. सौगंधिक कमळ आणावयास निघालेल्या भीमाच्या वाटेवर हनुमान आडवा पडला आहे, तें प्रकरण. भीमाला त्याचें शेपूटही हलवत नाहीं, एवढें सर्वांना माहीत असतें. दादांचें बोट त्याच्या पुढच्या भागावर होतें. समुद्र लंघिला तें रूप दाखव, असें भीम विनवितो, तेव्हां हनुमान म्हणतो कीं तो काळ निराळा होता. भूमि, नद्या, पर्वत, प्राणी सर्व युगाप्रमाणें बदलतात, आणि आपणही युगालाच अनुसरतों. मग आग्रहास्तव रूप दाखवितो. पण भीमाला मल्लयुद्धाचें आव्हान देत नाहीं. त्याला भाऊ म्हणून उराशीं धरतो.

"मंडळाचें नांव याचेंच आहे," दादा म्हणाले, "आणि हें आम्ही विसरलों."

त्या संध्याकाळीं मोजे खुंटीवरून कोणीं काढले तें आम्हांस ठाऊक नाहीं. ते मुलाच्या पिशवीवर ठेवलेले होते.

मार्गशीर्षांत अमरावतीस स्पर्धा होती. दादा थंडीची तमा न बाळगतां कानटोपी घालून बरोबर निघाले. मुलाची झुंज तिन्ही फेऱ्या चालली आणि गुणांवर तो हरला. डोळ्याखालीं निळें पडलें होतें. परततांना बडनेऱ्याहून गाडी सुटली तरी कोणी बोलेना. जुन्या काळाचें नांव आतां निघतें कीं मग निघतें, अशा धास्तीनें आम्ही खिडकीबाहेर पाहत होतों. मूर्तिजापूर आलें तेव्हां दादांनीं डब्यांतली दशमी मुलाच्या हातावर ठेवली आणि विचारलें, "दुसऱ्या फेरींत तो डावीकडून आंत येत होता, तेव्हां तूं मागें कां सरत होतास? मला नीट सांग. मला त्यांतलें कळत नाहीं."

मुलगा अकोला येईपर्यंत सांगत होता.