उजवी सीट रिकामी

सकाळचे साडेसहा. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीच्या कडेचं गवत दवानं ओलं आहे आणि विंडसॉक काठीला चिकटून मुकाट लटकलाय. वारा नाही. खानदेशातल्या जानेवारीत उडायला हीच वेळ बरी. दहानंतर जमीन तापू लागली की दोन माणसांचं विमान खडीच्या रस्त्यावरच्या बैलगाडीसारखं हिंदकळायला लागतं.

माझी विद्यार्थिनी विमानाभोवती फिरतेय. एकटीच. हातात वीतभर लांबीची पारदर्शक नळी आहे. पंखाखालच्या झडपेला ती नळी टेकवते, वर दाबते आणि आत थोडंसं इंधन उतरतं, फिकट निळं. ती ते उजेडाकडे धरून बघते. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते नळीच्या तळाशी वेगळं बसतं. निळा रंगही मुद्दाम घातलेला असतो, चुकीचं इंधन भरलं गेलं तर डोळ्यांना कळावं म्हणून. ती नळी नाकाशी नेते, वास घेते, मग दुसऱ्या पंखाकडे जाते. पंखाची कड तळहातानं चाचपते. टायर बघते. तेलाची काठी बाहेर काढून पुसते, पुन्हा घालते, पुन्हा काढून बघते. कसलीही घाई नाही. मला तिच्या गावातल्या बाया आठवतात, उन्हाळ्यात कातळावर आंब्याच्या फोडी वाळत घालताना अशाच एकेक फोड उलटून बघणाऱ्या.

तिचे आईवडील माझ्या शेजारी उभे आहेत. काल दुपारी धडगावहून निघाले, शहाद्याला एसटी बदलली आणि रात्री आमच्या घरी मुक्कामाला आले. आईच्या हातात कापडी पिशवी आहे, त्यात गेल्या वर्षीचं आमचूर. तिला विमान शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांना द्यायचंय. कधी द्यायचं, हे तिनं मला सकाळपासून तीनदा विचारलंय.

"गुरुजी, आज साहेब तिच्याबरोबर बसणार ना?" वडील विचारतात.

"आधी बसतील," मी सांगतो. पुढचं सांगत नाही. आज काय होणार हे तिलाही सांगितलेलं नाही. तसं ते आधी सांगायचंच नसतं.

विमान आहे सेसना 152. हे मॉडेल 1985 नंतर बनलंच नाही; म्हणजे हे विमान तिच्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. एकशेदहा हॉर्सपॉवरचं इंजिन, खांद्याला खांदा लागेल एवढी आतली जागा. डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा. तिच्या लॉगबुकात आजवर अठरा तास जमा आहेत, सगळे कॅप्टनसोबतचे.

इंजिन सुरू होतं. आई पदराचं टोक तोंडाशी धरते. विमान धावपट्टीच्या टोकाला जातं, थांबतं, तिथं आवाज वाढतो आणि दोनदा किंचित घसरतो. ही मॅग्नेटोची तपासणी. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात, एक बंद पडली तर दुसरी चालते का ते जमिनीवरच बघून घ्यायचं. मग विमान धावतं आणि बघता बघता शेतांच्या वर जातं.

विमानाचे तीन फेरे होईस्तोवर मी तिच्या आईवडिलांना चहा आणून देतो.

या मुलीला, आणखी काही मुलांबरोबर, मी तीन वर्षं दर रविवारी इंग्रजी शिकवतोय. त्याआधी धुळ्याच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं तेच शिकवत होतो. तिची घरची बोली पावरी, आश्रमशाळेत मराठी, कॉलेजात गेल्यावर इंग्रजी. विमानाची पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, रेडिओवरचं बोलणं इंग्रजीत. पहिले दोन महिने मी तिला काळ आणि प्रयोग शिकवत बसलो. हवाई दलातून निवृत्त झालेले एक तंत्रज्ञ शेजारच्या खोलीत याच मुलांना इंजिन शिकवायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, रेडिओवर वाक्य लागत नाही. आकडे लागतात, आणि ते एकदाच ऐकून कळायला लागतात." त्या दिवसापासून आमचा वर्ग बदलला. मी खोलीच्या एका टोकाला पाठ करून उभा राहायचो, मधे पंखा फुल्ल चालू, आणि आकडे म्हणायचो. मुलांनी ते जसेच्या तसे परत म्हणायचे. नऊला 'नाइन' नाही म्हणायचं, 'नाइनर' म्हणायचं. नाहीतर खरखरीत नऊ आणि पाच सारखेच ऐकू येतात. पाचला 'फाइफ', तीनला 'ट्री'. शहरातल्या मुलांनाही हे नव्यानंच शिकावं लागतं. हे कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आलेली हुशारी मला अजून आठवते. आयुष्यात पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या बरोबरीनं एखाद्या रेघेवर उभी होती.

त्याच सुमारास मी त्यांना बेसी कोलमनची गोष्ट सांगितली. टेक्सासात कापूस वेचणाऱ्या घरातली काळी मुलगी. अमेरिकेत तिला कुणी विमान शिकवेना, म्हणून ती शिकागोत आधी फ्रेंच शिकली, मग फ्रान्सला गेली आणि 15 जून 1921 रोजी परवाना मिळवला. कापूस म्हटल्यावर माझा अख्खा वर्ग सावरून बसला होता. कापूस वेचताना बोटं कशी फाटतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "सर, म्हणजे तीही आधी भाषाच शिकली," ही म्हणाली होती.

विमान तिसऱ्यांदा उतरतं, पण या वेळी पुन्हा उडत नाही. धावपट्टीवरून बाजूला येऊन थांबतं. इंजिन चालूच आहे. उजवं दार उघडतं.

कॅप्टन उतरतात. पंख्याकडे पाठ करून, शेपटीच्या बाजूनं. दोन पावलं जातात, परत येतात आणि आत वाकतात. रिकाम्या सीटचा पट्टा ओढून, घट्ट करून लावतात. सुटा पट्टा हवेत स्टिअरिंगमध्ये अडकू नये म्हणून. तिला काहीतरी सांगतात, तीन-चार शब्द. दार लावतात, बाहेरून एकदा ओढून बघतात आणि चालत आमच्याकडे येतात.

"साहेब उतरले!" वडील म्हणतात.

"हो."

"मग विमान कोण चालवणार?"

मी काही बोलत नाही. वडील माझ्याकडे बघतात, विमानाकडे बघतात आणि पायातल्या चपला काढतात. का, ते मी विचारत नाही. ओल्या गवतावर अनवाणी उभे राहतात.

रिकामं सेसना 152 साधारण पाचशे किलोंचं असतं आणि सगळं धरून 757 किलोंच्या वर त्यात काही घालायचं नाही. एवढ्याशा विमानातून एक भरदार माणूस उतरला तर ते विमान वेगळंच वागू लागतं. लवकर उठतं, झरझर चढतं. अठरा तास ज्या हाताला एका वजनाची सवय झाली, तो हात आज चुकू शकतो. कॅप्टन एक हात छातीशी घेऊन उभे आहेत. दुसऱ्या हातात रेडिओ आहे. ते एक अक्षर बोलत नाहीत.

ती उडते. खरंच, मघापेक्षा कमी अंतरात. डावीकडे वळते. आमच्या उजव्या हाताला कुणाच्या तरी गव्हाला पाणी चालू आहे, तो माणूसही फावडं टेकून वर बघतोय. धावपट्टीला समांतर आल्यावर रेडिओवर तिचा आवाज येतो, 'डाउनविंड'. सपाट, स्वच्छ. पंख्याच्या आवाजात घोटलेला आवाज तो.

मग ती धावपट्टीच्या दिशेनं वळते आणि मलाही दिसतं, ती उंच आहे. हलकं विमान खाली यायला तयार नाही. नाक खाली करावं तर वेग वाढणार. मी कॅप्टनकडे बघतो. ते रेडिओ तोंडाशी नेतात. आणि थांबतात. त्यांचा अंगठा बटणावर आहे, पण ते दाबत नाहीत. एक क्षण. दोन.

"गोइंग अराउंड," रेडिओवर तिचाच आवाज.

इंजिन पूर्ण ताकदीनं ओरडतं, विमान आमच्या समोरून, न टेकता, पुन्हा वर निघून जातं. आई माझा दंड धरते. कॅप्टनच्या चेहऱ्यावर मात्र सकाळपासून पहिल्यांदा हसू येतं. "पास," ते स्वतःशीच म्हणतात. जमत नाहीये हे स्वतः ओळखून, कुणी न सांगता परत वर जाणं, याच्याचसाठी अठरा तास शिकवलेलं असतं. ओढूनताणून टेकवणारा वैमानिक त्यांना नको असतो.

दुसऱ्या वेळी ती लांबून, खालून, नीट येते. मागची चाकं टेकतात, धुळीचा एक छोटा फुगा उठतो, नाक हळूच खाली येतं.

मग इथं शिकणारी मुलं बादल्या घेऊन धावतात. पहिल्या सोलोनंतर, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणानंतर, पाणी ओतायची रीत आहे, जानेवारी असो की मे. ती कुडकुडत उभी आहे, हसतेय, आणि आई पदरानं तिचे केस पुसतेय. पिशवी तिनं अखेर कॅप्टनच्या हातात दिली आहे. ते एक फोड तिथंच तोंडात टाकतात आणि डोळे मिटतात.

अशा वेळी मला जेआरडी टाटा आठवतात. त्यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ते शिकले त्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आता इथं, आमच्या धुळ्यात चालतं. जेआरडींच्या लहानपणी फ्रान्समध्ये सुट्टीच्या गावी त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ, 1909 साली विमानानं इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले. मुलाला विमान आवडलं तर विचारायला माणूस शेजारच्या घरात होता. मला सगळा फरक तिथंच दिसतो. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या यादीत डॉक्टरी-इंजिनिअरिंगबरोबर वैमानिकाच्या परवान्याचाही अभ्यासक्रम आहे, हे हिच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं हे आधी कळलं नाही, म्हणून हिची मैत्रीण, हिच्याइतकीच तल्लख, कला शाखेत गेली. एका कार्यालयात जात वैधतेचा हिचा कागद आठ महिने पडून राहिला तेव्हा तिथं दर सोमवारी जाऊन उभं राहणारं कुणीतरी लागलं. पैसा उजव्या सीटवरच्या माणसाचा खर्च भागवतो. त्या सीटपर्यंत पोचायच्या वाटेवर जी माणसं लागतात त्यांचा खर्च कुठल्याच योजनेत नाही, आणि ती माणसं विकत मिळतही नाहीत.

ती ओल्या हातांनी लॉगबुक उघडते. तारीख, विमान, सोलो, सतरा मिनिटं. कॅप्टन सही करतात. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, त्यातले 100 स्वतः कप्तान म्हणून. पाच विषयांच्या लेखी परीक्षा, प्रत्येकात 70 टक्के.

"उद्या साडेसहाला," कॅप्टन म्हणतात.

वडील चपला घालतात.

पुढच्या तुकडीत आमच्याकडे चार मुलं येतायत, दोन साक्रीची, एक तळोद्याचा, एक अक्कलकुव्याची. इंग्रजी मी बघेन, इंजिनाला आमचे हवाई दलवाले आहेत. हवामानशास्त्राला कुणी नाही. ढग, वारे, दाब, मोसमी पाऊस, एवढं मराठीत नीट समजावून मग इंग्रजी शब्दांवर नेणारं माणूस हवंय. धुळे-नंदुरबारमधल्या निवृत्त भूगोल शिक्षकांनी रविवारी सकाळचे दोन तास द्यावेत. बाकीच्या जिल्ह्यांतही अशा धावपट्ट्या आहेत आणि अशी मुलंही. तुमच्या जवळ कुठली आहे ते एकदा जाऊन बघा.