काचेच्या टाकींतील पाण्याचें उष्णमान

मासा पाण्यांत राहतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाण्याचें जें उष्णमान, जवळजवळ तेंच त्याच्या शरीराचें उष्णमान होय, ही गोष्ट मासे पाळणाऱ्यांपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असते. ऊन लागलें तर मनुष्य सावलीला जातो व घाम येऊन त्याचें शरीर निवतें. नदींतील मासा खोल डोहांत उतरतो. घरांतील टाकीच्या माशाला मात्र या दोन्ही वाटा बंद असतात. म्हणून ही काळजी पाळणाऱ्यानेंच वाहिली पाहिजे.

हा धडा मीं स्वतःच्या चुकीनें शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं ४० लिटरांची एक लहान टाकी होती. मे महिन्यांतील एका दुपारीं तींतील पाणी ३३ अंश सेल्सिअसपर्यंत तापलें व सोनमासे वर येऊन तोंडें उघडूं लागले. मीं घाईनें तीन किलो बर्फ पाण्यांत टाकला. अर्ध्या तासांत पाणी २५ अंशांवर आलें आणि मला समाधान वाटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चारहि मासे मरून पडलेले दिसले. माझ्या धाकट्या मुलीनें विचारलें, “बाबा, तुम्ही तर त्यांना गार केलें होतें ना?” शाळेंत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मजजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें.

तें उत्तर असें. पाणी जसजसें तापतें, तसतसा त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो. २० अंशांवर एका लिटरांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, तर ३० अंशांवर सुमारें साडेसातच. उलटपक्षीं, दहा अंश उष्णता वाढली कीं माशाची प्राणवायूची गरज साधारणपणें दुप्पट होते. म्हणजे मिळकत घटते आणि खर्च वाढतो. पण हें संकट हळूहळू आलेलें असतें. माझा उपाय मात्र एकाएकीं आला. आठ अंशांची उतरण अर्ध्या तासांत सोसण्याची शक्ति त्या दमलेल्या जिवांत नव्हती.

पुढें आम्हीं २०० लिटरांची मोठी टाकी घेतली. मोठ्या टाकीचा गुण असा कीं, तिचें पाणी तापण्यास वेळ लागतो. दोष असा कीं, एकदां तापलें म्हणजे निवण्यासहि तितकाच वेळ लागतो. तिच्यांत एक किलो बर्फ घातला तरी उष्णमान जेमतेम अर्धा अंश उतरतें. म्हणून आधींपासूनच जपणें हें उत्तम. टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी. तिच्यावरील दिवा भर दुपारीं मालवावा. पाण्यांत हवेचे बुडबुडे सोडणारा पंप चालूं ठेवावा.

याहून अधिक थंडावा हवा असेल तर आपल्या घरांतील माठाकडे पाहावें. माठांतून पाझरणारें पाणी वाफ होऊन जातांना आंतील पाण्याची उष्णता घेऊन जातें. टाकीचें झांकण काढून वर जाळी घालावी व पाण्याच्या पृष्ठभागावरून विजेच्या पंख्याचा वारा जाऊं द्यावा. तेंच कार्य येथें घडतें. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास जी उष्णता लागते, ती २०० लिटर पाणी जवळजवळ तीन अंश निववूं शकते. खोलींतील उष्णता आंत येतच असल्यामुळें पूर्ण तीन अंशांचा लाभ मिळत नाहीं, हें खरें. देशावरील कोरड्या उन्हाळ्यांत हा उपाय फार गुणकारी आहे. कोंकणांतील दमट हवेंत त्याचा प्रभाव कमी पडतो. उडून गेलेलें पाणी रोज भरून काढावें.

हिवाळ्यांत प्रश्न उलट होतो. सोनमाशांना १८ ते २४ अंश मानवतात; गप्पी व एंजल यांस २४ ते २८ अंश लागतात. म्हणून या दोन जाति एकत्र ठेवूं नयेत. १०० वॉटचा हीटर २०० लिटर पाणी तासाभरांत अर्ध्या अंशाहूनहि कमी तापवितो. तरीहि २०० वॉटचा एक घेण्यापेक्षां १०० वॉटचे दोन घ्यावे. एक बंद पडला तर दुसरा आधार देतो, आणि एक चालूच राहिला तरी सगळें पाणी लवकर कढत होत नाहीं. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं विजेचें बटण बंद करण्यास मात्र कधींहि विसरूं नये.

विद्यार्थिमित्रहो, या सर्वांहून मोलाचें साधन म्हणजे एक साधा उष्णतामापक व एक वही. सकाळीं व दुपारीं आंकडा लिहून ठेवावा. पाणी बदलतांना नवें पाणी जुन्याच्या उष्णमानास आणून मगच घालावें. आणि आपल्या हातून एका दिवसांत दोन अंशांहून अधिक फरक होऊं देऊं नये. आमच्या घरीं ती वही आतां माझी मुलगी लिहिते. एखाद्या दुपारीं आंकडा चढूं लागला कीं ती मला हांक मारते, आणि मी बर्फाकडे न धांवतां पंखा लावतों.