गोळीही, प्रार्थनाही

मन आणि उपचार : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण मानसिक आजारांवरची औषधं मेंदूत काय काम करतात ते पाहिलं. पण औषध लिहून मिळतं दवाखान्यात आणि घ्यायचं असतं घरी. घरात आई असते, देव असतो, आणि ख्रिस्ती घर असेल तर रविवारी भेटणारी सगळी मंडळी असते. गोळी रोज पोटात जाते की नाही, हे पुष्कळदा हीच माणसं ठरवतात. म्हणून आजचा विषय श्रद्धा आणि उपचार, आणि शहर बेंगळुरू.

हे शहर निवडायला कारण आहे. मनोरुग्णांसाठी इथे १८४७ पासून रुग्णालय आहे. १९५४ मध्ये मानसिक आरोग्याच्या अखिल भारतीय संस्थेची त्यात भर पडली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून निमहान्स झालं. इथेच कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ मध्ये सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज काढलं. तिथे मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. साठच्याच दशकात डॉक्टर आणि धर्मगुरू एकत्र आले आणि त्यातून मेडिको पास्टोरल असोसिएशन उभी राहिली. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या, पण अजून एकट्याने संसार पेलू न शकणाऱ्या माणसांसाठी हाफ-वे होम चालवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक.

आता समजा, बेळगावचा एक मराठी ख्रिस्ती मुलगा बेंगळुरूत नोकरीला आहे. त्याला रात्र रात्र झोप नाही. जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात, ऑफिसातले लोक आपल्यावर पाळत ठेवतात अशी त्याची खात्रीच झालेली आहे. आई रात्रीच्या बसने येते आणि त्याला होसूर रोडवर निमहान्सला नेते. औषध सुरू होतं. काही आठवड्यांत आवाज ओसरतात, झोप लागू लागते. पण अंगात सुस्ती भरते, हात थरथरतात, वजन वाढतं. आई म्हणते, “पोरगा पार मंदावला.” अशात कोणीतरी सुचवतं, उपवास-प्रार्थनेला आणा आणि गोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

गोळ्या बंद होतात, आणि फसगत होते ती इथे. औषध थांबवलं की आधी जातो तो औषधाचा त्रास. आजार उलटतो तो मागाहून. सुस्ती थोड्याच दिवसांत उतरते, चेहऱ्यावर तजेला येतो. मुलगा मंडळीपुढे उभा राहून बरा झाल्याची साक्ष देतो, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आजार बहुधा काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी परत येतो. तोवर साक्ष देऊन झालेली असते, आणि दोष येतो मुलाच्या माथी : विश्वास कमी पडला! आधीच खचलेल्या माणसाला हा घाव सोसत नाही. साक्ष देणारा खोटं बोलत नव्हता, प्रार्थना करणारे कोणाला फसवत नव्हते. औषध सोडल्याचे परिणाम उशिरा दिसतात, एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्रास होत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. तो निर्णय त्यांच्यासमोर बसून घ्यायचा असतो.

दुसरं उदाहरण उलट बाजूचं आहे. इथे डॉक्टरांना फादरांची गरज लागते. एक बाई प्रार्थनेला बसली की येशूविषयी घाणेरडे, नकोसे विचार मनात घुसतात. ती हादरते, फादरांकडे जाऊन पापनिवेदन करते. तासभर बरं वाटतं. मग शंका येते की सगळं नीट सांगितलं नाही. पुन्हा पापनिवेदन, पुन्हा तासभर दिलासा, पुन्हा शंका. हा ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असू शकतो. हात पुन्हा पुन्हा धुण्यात जो आजार दिसतो, तोच इथे भक्तीच्या रूपात आलेला असतो. या आजारासाठी निमहान्समध्ये खास क्लिनिक आहे. उपचारात औषध असतं, आणि भीती वाटली तरी ती घालवण्याची कृती न करता थांबून राहण्याचा सराव असतो. आता पापनिवेदन करू नका, हे डॉक्टरांनी एकट्याने सांगून भागत नाही. पापाच्या बाबतीत शेवटचा शब्द तिच्या लेखी फादरांचा. तेच पाप पुन्हा सांगायची गरज नाही, असं फादरांनी प्रेमाने पण ठामपणे सांगितलं आणि दर वेळी नवा दिलासा दिला नाही, तर सरावाला बळ येतं. रुग्णाच्या संमतीने दोघांनी एकमेकांशी बोलून घेतलं, तर उत्तम.

चर्चची अधिकृत भूमिकाही अशा उपचारांच्या आड येत नाही. कॅथलिक चर्चने १९९९ मध्ये भूतबाधा काढण्याचा विधी सुधारून जाहीर केला. बिशपांच्या परवानगीशिवाय तो कोणालाही करता येत नाही, आणि त्याआधी वैद्यकशास्त्र व मानसोपचार जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा अशी सूचना त्यात आहे. बायबलमध्येही आधी शरीराची काळजी दिसते : संदेष्टा एलिया जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडतो, तेव्हा देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो. उपदेश नंतर येतो.

मराठी वाचकाने या संदर्भात विल्यम कॅरीचं घर आठवावं. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे, पुढे मराठीत बायबल आणणारे हे मिशनरी. मुलाच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी डॉरोथी यांना गंभीर मानसिक आजार जडला. त्यांना खोलीत बंद ठेवावं लागे. १८०७ मध्ये त्या गेल्या, बऱ्या न होताच. त्या घरात प्रार्थनेची उणीव खचितच नव्हती. उणीव होती ती औषधाची. भास आणि भ्रम होणाऱ्या आजारांवरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझीन, वापरात आलं ते १९५२ मध्ये. त्यांच्या वाट्याला जे आलं नाही ते आज आपल्याला मिळू शकतं. ते श्रद्धेच्या नावाखाली नाकारू नये.

औषधाला जे जमत नाही ते मंडळीने करावं. नैराश्यावरची गोळी लागू पडायला बहुधा दोन ते चार आठवडे जातात, आणि तो काळ कठीण असतो. त्या काळात डबा पोचवणं, तपासणीला सोबत जाणं, “आज गोळी घेतलीस ना?” म्हणून विचारणं ही सेवाच आहे. डॉक्टरांनीही पहिल्या भेटीत विचारावं, तुम्ही प्रार्थनेला कुठे जाता, तिथे या आजाराविषयी काय म्हणतात? हे विचारलं नाही, तर रुग्ण प्रार्थनेची गोष्ट डॉक्टरांपासून लपवतो आणि गोळीची गोष्ट मंडळीपासून.

एक गोष्ट मात्र कधीच चालणार नाही. बरं करण्याच्या नावाखाली मारणं, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीबंदीला कोणत्याही स्वरूपात मनाई केलेली आहे. जीव देण्याचे विचार येत असतील, तर वाट पाहत बसू नये. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.

पाळकसाहेबांना आणि फादरांना एकच विनंती. प्रार्थना संपली की, डोक्यावरचा हात काढण्याआधी म्हणा, “डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.” डॉक्टरांचं जे ऐकलं जात नाही, ते तुमचं ऐकलं जातं.

पुढच्या आठवड्यात : रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांची काळजी.