जुनी पेटी कुरकुरते तेव्हा

तुमच्या शाळेत, नाहीतर गावच्या देवळात एखादी जुनी पेटी असेलच. पंधरा ऑगस्टला किंवा सप्ताहाला ती कपाटातून बाहेर निघते. कुणीतरी दोन सूर काढून पाहते आणि म्हणते, "ही बिघडलीय." काय बिघडले म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते, "आवाज येतो." कसला आवाज आणि कुठून, हे कुणी सांगत नाही. पेटी परत कपाटात जाते आणि दोन-चार वर्षांनी अडगळीत. खरे म्हणजे यांतल्या बऱ्याच पेट्यांचे दुखणे किरकोळ असते. ते ओळखायचे कसे, आणि त्यातले आपल्या हाताने किती बरे करता येते, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी पेटीचे अंतरंग पाहू. मागचा भाता आपण हाताने हलवतो, तो बाहेरची हवा आत ओढतो. ही हवा कातड्याच्या झडपांतून पोटातल्या दुसऱ्या भात्यात जाते. त्या आतल्या भात्याला स्प्रिंगांचा दाब असतो, म्हणून आपला हात क्षणभर थांबला तरी सूर थांबत नाही. समोरच्या खुंट्या, म्हणजे स्टॉपर, ओढले की ही हवा सुरांच्या कप्प्यात शिरते. तेथे एका फळीच्या खालच्या अंगाला पितळी सूर ओळीने बसवलेले असतात. प्रत्येक सुरावर फळीला एक भोक असते आणि ते पट्टीच्या टोकाला लावलेल्या मऊ कातड्याने झाकलेले असते. पट्टी दाबली की झाकण उचलले जाते, हवा सुरातून वर धावते आणि पितळेची पातळ जीभ आपल्या खाचेत, कडेला न लागता, वरखाली कापू लागते. तोच आपला स्वर.

म्हणजे पेटीत तीन गोष्टी आहेत : लाकूड, वारा आणि पितळ. नको तो आवाज या तिघांपैकी कुणाचा, हे ठरवणे म्हणजे अर्धी दुरुस्ती.

येथे माझीच एक चूक सांगतो. कॉलेजात शिकत असताना गावच्या भजनी मंडळाच्या पेटीत एका पांढऱ्या पट्टीवर झिणझिण येऊ लागली. मी चार बुके वाचलेला, मंडळींनी विश्वासाने पेटी माझ्यापुढे ठेवली. मी ती उघडली, त्या सुराची जीभ पॉलिशपेपरने घासली आणि परत बसवली. झिणझिण तशीच राहिली, वर सूर चढा झाला. पुढे एका जाणत्या पेटीवाल्यांनी पेटी उचलून देवळाबाहेर ओट्यावर नेली आणि तीच पट्टी वाजवली. झिणझिण नाही! भिंतीवरच्या तसबिरीची काच चौकटीत सैल झाली होती. त्या एका सुरासरशी ती कापत होती. पेटी निर्दोष होती. मी घासलेले पितळ मात्र परत येणार नव्हते. कित्येक काकडआरत्यांत तो चढा सूर मी मान खाली घालून ऐकला आहे.

तेव्हा आधी ऐकायचे, मग उघडायचे. ऐकण्याचाही क्रम आहे.

पहिली परीक्षा वाऱ्याशिवाय. भाता न हलवता एकेक पट्टी दाबा आणि सोडा. आता जो आवाज येईल तो निव्वळ लाकडाचा. 'टक टक' वाजत असेल, तर पट्टीखालची बनात झिजली आहे किंवा तिला कसर लागली आहे. लाकडावर लाकूड आपटते आहे. पट्टी हळूहळू वर येत असेल, तर ती दमटपणाने फुगली आहे किंवा शेजारच्या पट्टीला घासते आहे. नुसतीच लुळी पडत असेल, तर तिची तारेची स्प्रिंग निसटली किंवा मोडली आहे.

दुसरी परीक्षा वाऱ्याची. सगळे स्टॉपर बंद करा, भाता भरा आणि कान लावा. 'फुस्स' ऐकू आले, तर भात्याच्या घडीत किंवा सांध्यात गळती आहे. जागा सापडत नसेल, तर उदबत्तीचा धूर सांध्याजवळून फिरवा. निखारा मात्र कापडाला लागू देऊ नका. जेथे धूर अचानक बाजूला उडतो, तेथे भोक. आता स्टॉपर उघडा, पण पट्टी दाबू नका. बंद असताना दम टिकत होता आणि आता टिकत नाही, तर गळती सुरांच्या कप्प्यात किंवा पट्ट्यांच्या झाकणांत आहे. एखादा सूर आपणहून वाजू लागला, तर त्याचे झाकण नीट बसलेले नाही. तेथे कचरा अडकला असेल, कातडे उंदराने कुरतडले असेल, नाहीतर स्प्रिंग ढिली पडली असेल.

तिसरी परीक्षा सुरांची. एकच स्टॉपर उघडा आणि एकेक पट्टी सावकाश वाजवा. ज्या पट्टीवर झिणझिण येते ती धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला स्टॉपर, झाकण, जाळी, कड्या, स्क्रू यांवर एकेक करून बोट ठेवायला सांगा. ज्याला हात लावताच आवाज थांबेल, चोर तोच. तरीही थांबला नाही, तर पेटी दुसऱ्या जागी नेऊन वाजवा. माझ्यासारखे तसबिरीच्या पापाचे प्रायश्चित्त पितळाला देऊ नका.

आता उपाय. सैल स्क्रू बेताने आवळा; जुन्या लाकडात जोर केला तर आटाच जातो. झिजलेली बनात काढून त्याच जाडीची नवी चिकटवा. जाडी कमीजास्त झाली तर पट्ट्या वरखाली दिसतील. भात्याच्या लहान भोकावर पातळ कातड्याचे ठिगळ सरसाने लावा. सरसाचा गुण असा, की पुढे कुणाला ते काढायचे झाले तर ओल आणि ऊब देऊन सुटते. बाजारातले कडक गोंद लाकूड घेऊनच निघतात. घासणाऱ्या लाकडाला शंखजिऱ्याची पूड किंवा पेन्सिलीचे शिसे चोळा. तेल मात्र थेंबभरही नको. तेलाने लाकूड आणि बनात दोन्ही खराब होतात, आणि तेलावर धूळ बसते ती वेगळीच.

राहता राहिले पितळ. इतर सर्व शक्यता संपल्यावरच सुरांची फळी उचला. सुराच्या खाचेत धुळीचा कण किंवा धागा अडकला असेल, तर मऊ कोरड्या कुंचल्याने झाडा, किंवा पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद ओढा. जीभ उचलू नका, तोंडाने फुंकू नका. फुंकरीबरोबर ओल जाते. सूर उजेडापुढे धरला असता जिभेच्या दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. जीभ एका कडेला टेकलेली दिसली, तर तेथे थांबा. ते काम कारागिराचे. जीभ टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो, आणि दोन्हीकडे घासून घासून ती शेवटी मोडते.

एवढे जपायचे कशासाठी? आपल्याकडच्या अनेक जुन्या पेट्यांत फ्रान्स-जर्मनीहून आलेले सूर आहेत. भाता नवा करता येतो, लाकूड बदलता येते, पण अशा संचातला एक सूर गेला की त्याच्या गळ्याचा जोडीदार मिळणे कठीण. १९४० साली या देशाच्या नभोवाणीवर पेटीला बंदी झाली. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर बांधलेले, असा आक्षेप होता. ही बंदी १९७१ साली शिथिल झाली. मधली तीस वर्षे गावोगावच्या भजनांत आणि शाळांच्या प्रार्थनांत पेटी वाजतच होती. कुणा मास्तरांनी, कुणा बुवांनी ती पुसून, झाकून ठेवली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली.

तेव्हा पावसाळ्याआधी पेटी बाहेर काढा. कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. आत दोन डांबरगोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे का होईना, कुणाला तरी ती वाजवू द्या. वाजणारी पेटी आपले दुखणे लहान असतानाच सांगते. आपण ऐकायला मात्र हवे.